चोरकोरच्या बायकांची भट्टी



खाडीकाठच्या आणि हमरस्त्यालगतच्या गटांकडून यंदा आम्हाला एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. पर्यटक येतात, हॉटेलवाले विचारतात, "धुरावलेली मासळी, धुरावलेली कोंबडी मिळेल का?" मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, आपणही परसात एक धुरीची भट्टी टाकू या की. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे कोणती घ्यायची आणि किती पैशांची, इथे गाडी अडते. फोनवर दिसतात ती स्टीलची चकचकीत कपाटं, काचेच्या दाराची, विजेवर चालणारी. त्यांची किंमत ऐकली की दहा-बारा बायकांची वर्षभराची बचत त्या एका कपाटात जाऊन बसते. शेजारी दुसरा पर्याय दिसतो तो कापलेल्या पिंपाचा. तो स्वस्त, पण किती दिवस टिकेल ते कुणी सांगत नाही.

आम्ही आज कंपन्यांची नावं आणि भाव वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी एका भट्टीचा इतिहास सांगणार आहोत. ही भट्टी आपल्यासारख्याच हात आखडलेल्या बायकांसाठी, त्यांच्याच चुलीवरून तयार झाली. पुढे ती समुद्रकाठाने अनेक देशांत गेली. पन्नासाहून अधिक वर्षं झाली तरी ती अजून पेटते आहे. तिचं नाव चोरकोर.

चोरकोर ही आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घाना देशातली कोळ्यांची वस्ती. घानाची राजधानी आक्रा, आणि तिच्या पश्चिम अंगाला अगदी समुद्राला टेकून ही वस्ती आहे. तिथली मूळ माणसं गा भाषा बोलणारी. पुरुष एका लाकडाच्या बुंध्यापासून कोरलेल्या लांबलचक होड्या घेऊन समुद्रात जातात. मासळी वाळूवर उतरली की पुढचा सगळा कारभार बायकांचा. विकत घेणं, धुरी देणं, टोपल्या भरणं, बाजारात नेणं, उधारी वसूल करणं हे सगळं त्या बघतात. आपल्या कोळणींना हे वेगळं सांगायला नको.

तिथली मुख्य मासळी आपल्या ओळखीचीच आहे. आपण जिला तारली म्हणतो त्याच कुळातली, थोडी वेगळ्या जातीची. तिचा मोठा हंगाम जुलै ते सप्टेंबर. त्या दिवसांत समुद्राच्या तळाचं थंड पाणी वर येतं, त्याबरोबर माशांचं खाद्य वर येतं आणि किनाऱ्याजवळ मासळीचे थवेच्या थवे लागतात. एकेका सकाळी इतकी मासळी उतरते की ती दुपारपर्यंत विकणं अशक्य. बर्फ महाग. आणि हवा कशी, तर ढगाळ आणि दमट.

इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. आपल्या कोकणात बोंबील, जवळा, सोडे हे सगळं उन्हात वाळतं. वलांडीवर बोंबील लटकवले की ऊन आणि वारा काम करून टाकतात, सरपणाला एक पैसा लागत नाही. आपली पावसाळी मासेमारी बंद असते. सध्याचा नियम १ जून ते ३१ जुलैचा आहे. म्हणजे भरपूर मासळी येते तेव्हा आपल्याकडे ऊनही असतं. मराठवाड्यातही तेच, फक्त तिथे मासळीऐवजी मांस. दलित घरांत मांसाच्या पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून चान्या करत. शाहू पाटोळे यांनी त्या खाद्यसंस्कृतीबद्दल 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. उन्हाचं राज्य असलेल्या मुलखात धुराची गरज कमीच पडली. आपल्याकडे धूर वापरला तो पावसाळ्यापुरता. चुलीच्या वर टांगलेल्या ताटीवर सुकी मासळी किंवा आमसुलं ठेवायची, म्हणजे ओल धरत नाही आणि किडा लागत नाही. मोठ्या प्रमाणावर धुरी देणारे लोक आपल्या देशात आहेत, पण ते दमट मुलखातले. नागालँडच्या घरांत चुलीवर डुकराचं मांस टांगतात. लक्षद्वीपच्या बेटांवर कुप्पा मासा उकडून, धुरी देऊन, मग वाळवून 'मासमिन' करतात. तो लाकडासारखा कडक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो.

घानातल्या बायकांना मात्र ऐन हंगामात ऊन नव्हतं, म्हणून त्यांची गाठ धुराशी पडली. लाकडाच्या धुरात फिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि काही आम्लं असतात. ती जंतूंची वाढ रोखतात आणि तेलकट माशाला खवट होऊ देत नाहीत. पण टिकण्याचं खरं काम करते ती आच, कारण ती पाणी काढते. तासा-दोन तासांत काढलेली मऊ, रसरशीत धुरी-मासळी अंगात निम्मं पाणी राखून असते. ती एक ते तीन दिवस टिकते, त्यापुढे नाही. तीच दहा ते अठरा तास, कधी त्याहून जास्त, मंद आचेवर ठेवली की पाणी दहा-पंधरा टक्क्यांवर येतं आणि नीट साठवली तर ती सहा ते नऊ महिने राहते. "स्मोक केलंय, टिकतंय" असं सरसकट म्हणणाऱ्याला आपण विचारायला हवं: किती तास?

आता जुन्या भट्ट्या बघू. चोरकोरसारख्या वस्त्यांत घराघरापुढे मातीच्या गोल किंवा चौकोनी भट्ट्या असत. खाली विस्तव, वर आडव्या काठ्या किंवा तारेची जाळी, तिच्यावर मासळीचा एक थर. फार तर मधे काठ्या घालून दोन-तीन थर. खालचा थर करपू नये म्हणून दर थोड्या वेळाने मासळी हाताने खालीवर करावी लागे. म्हणजे भट्टीवर वाकायचं, धुरात डोळे घालायचे आणि तापलेल्या जाळीवरून एकेक मासा उलटायचा. बोटं भाजत, डोळे चुरचुरत, आणि मासे मोडत ते वेगळंच. मोडक्या माशाला भाव नाही. हंगामात रात्र-रात्र हेच काम.

तेलाची रिकामी पिंपं बाजारात यायला लागली तसं काहींनी पिंपाची भट्टी केली. पिंपाला तळाजवळ भोक पाडायचं, वर जाळी ठेवायची, झालं. मांडायला सोपी, हलवायला सोपी. पण खाऱ्या हवेत आणि रोजच्या आचेत पत्रा गंजून जाळीदार होतो, दोन-तीन हंगामांत पिंप बदलावं लागतं. शिवाय पत्रा आच धरून ठेवत नाही, ती बाहेर फेकतो. जवळ उभी असलेली बाई भाजून निघते आणि सरपण जास्त लागतं. अमेरिकेतही परसातल्या भट्ट्यांचा इतिहास असाच जुगाडातून सुरू होतो, हे जाता जाता सांगून टाकतो. शिकागोजवळ धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस होता. तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनत. १९५२ मध्ये त्याने एक बोया मधोमध कापला, खाली पाय लावले, वर झाकण केलं, आणि त्यातून पुढे केवढा तरी मोठा धंदा उभा राहिला. पण त्याच्याकडे कारखाना होता. चोरकोरच्या बाईकडे माती होती.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर मासळी वाया जाऊ नये म्हणून सुधारलेल्या भट्ट्या आणायचे प्रयत्न झाले. त्यांतली एक होती आल्टोना, जर्मनीतल्या आल्टोना गावच्या नावाची, कपाटासारखी बंद भट्टी. कपाटात ट्रे सरकवायचे, खालून धूर सोडायचा. कल्पना चांगली होती, पण तिला खर्च फार आणि त्या खर्चाच्या मानाने मासळी मावायची थोडी. बायकांनी ती बघितली आणि आपल्या मातीच्या भट्टीकडे परत गेल्या. अशा वेळी अहवालात लिहितात की लोक नवीन गोष्टी स्वीकारत नाहीत. आम्हाला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. हिशेब कळणारी बाई तोट्याची वस्तू घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही कितीतरी गटांच्या खोलीत अनुदानातून आलेली यंत्रं चादर घालून ठेवलेली आहेत. ती चालवायला तीन फेज वीज लागते आणि गावात ती दिवसाचे चार तास येते, हे आधी कुणी विचारलं नाही.

१९६९ ते १९७१ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि आक्रातली अन्न संशोधन संस्था यांनी वेगळ्या वाटेने जायचं ठरवलं. चोरकोरच्या बायकांच्या सोबतीने काम करायचं, आणि नवी भट्टी न आणता त्यांचीच चौकोनी मातीची भट्टी हाती घ्यायची. तिच्यात फक्त काय अडतं ते काढायचं. अडत होतं ते वरच्या अंगाला. खालची चूल ठीक होती, वरची एक-थरी जाळी ठीक नव्हती.

मग त्यांनी आल्टोनाचे ट्रे घेतले आणि कपाट टाकून दिलं. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्या तळाला तारेची जाळी ठोकलेली. असे ट्रे एकावर एक रचायचे. ट्रे नीट मापाचे असले की त्यांच्या चौकटी एकमेकींवर चपखल बसतात आणि त्या रचलेल्या चौकटींचंच धुराडं तयार होतं. वेगळं कपाट नको, वेगळी चिमणी नको. सगळ्यांत वर प्लायवूडचा एक तुकडा झाकण म्हणून. धूर आणि आच खालून वर एकेका थरातून जातात, वाटेत वाया जात नाहीत. पंधरापर्यंत ट्रे चढवता येतात आणि एका ट्रेवर १८ किलोपर्यंत मासळी मावते. जुन्या भट्टीवर जिथे एक-दोन थर, तिथे हे. आणि मासा हाताने उलटायचा नाही. दोघींनी मिळून ट्रे उचलायचे, खालचा वर आणि वरचा खाली करायचा. बोटं वाचली, मासे मोडेनासे झाले. बाईला मधल्या वेळात पोराला भरवता येऊ लागलं, हेही आम्ही फायद्यात धरतो.

मापं सांगतो, लिहून घ्या. चोरकोरची पूर्ण भट्टी बाहेरून २२५ सेंटिमीटर लांब, ११२.५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच. म्हणजे साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, दोन फूट उंच. लांबी रुंदीच्या दुप्पट. मधोमध एक भिंत घालून दोन खण केलेले, प्रत्येक खणाला समोरून एक तोंड, सरपण घालायला. भिंत साडेबारा सेंटिमीटर जाड, म्हणजे पाच इंच धरा. ती चिखलमातीची चालते, भाजलेल्या विटांची चालते, सिमेंटच्या ठोकळ्यांची चालते. ज्या गावात जे मिळतं ते.

यात एक गोष्ट दिसायला बारीक आहे पण सगळ्यांत मोलाची. ट्रेची लाकडी चौकट भिंतीच्या जाडीच्या बरोबर मधल्या रेषेवर टेकली पाहिजे. आत सरकली तर चौकट विस्तवावर येते आणि जळते. बाहेर गेली तर फटीतून धूर निघून जातो. म्हणून ट्रे आधी आणि भट्टी नंतर, किंवा दोन्हींचं माप एकाच काठीने घ्यायचं. सुतार एका गावचा, गवंडी दुसऱ्या गावचा आणि दोघांचे फूट वेगळे, असं झालं की भट्टी पहिल्याच आठवड्यात बिघडते.

ही भट्टी पसरली कशी, तोही इतिहास आपल्या जवळचा आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच वर्षी आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, स्थापन झालं, आणि त्याच वर्षी घानात राष्ट्रीय महिला व विकास परिषद सुरू झाली. या परिषदेने आणि युनिसेफने चोरकोर भट्टी गावोगाव शिकवायचं काम घेतलं. १९८३ मध्ये युनिसेफने तिच्यावर चित्रांची एक सोपी पुस्तिकाही काढली. शिकवणं म्हणजे एका वस्तीतल्या बायकांनी दुसऱ्या वस्तीत जाऊन एक भट्टी बांधून दाखवायची. घानातून ती शेजारच्या टोगोत, बेनिनमध्ये गेली, पुढे गिनी, गांबिया आणि खंडाच्या पूर्व बाजूपर्यंत पोचली.

पण सगळीकडे सगळ्यांनी ती घेतली असं नाही, आणि त्याचं कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. भट्टीचा खालचा भाग मातीचा. तो स्वतःच्या हाताने, शेजारणीच्या मदतीने जवळजवळ फुकट होतो. पैसा लागतो तो वरच्या ट्रेंना. रंधलेलं लाकूड, तारेची जाळी, खिळे, सुताराची मजुरी. जाळी तर खाऱ्या मासळीने आणि आचेने खराब होते, ती पुन्हा पुन्हा बदलावी लागते. दहा-पंधरा ट्रे एकदम करणं बऱ्याच जणींच्या आवाक्याबाहेर होतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पूर्ण संच केला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी एकाच खणाची अर्धी भट्टी बांधली आणि चार-पाच ट्रेंवर सुरुवात केली.

आणखी एक हिशेब. भट्टी पूर्ण भरली तर सरपण वाचतं, कारण एकाच विस्तवावर दहा थर निघतात. तीच भट्टी दोन ट्रेंवर चालवली तर विस्तव तेवढाच आणि माल थोडा. म्हणजे मोठी भट्टी घेऊन अर्धी रिकामी चालवणं हे छोट्या भट्टीपेक्षा महाग पडतं. फोनवरच्या त्या स्टीलच्या कपाटांनाही हेच लागू आहे. "शंभर किलो क्षमता" हा आकडा तुमच्याकडे रोज शंभर किलो माल येत असेल तरच कामाचा.

घानातल्या बायकांच्या पैशाचं गणितही ऐकण्यासारखं आहे. तिथल्या फांटे किनाऱ्यावर मासळीवाल्या बायकांची एक प्रमुख असते, तिला कोंकोहेमा म्हणतात. दिवसाच्या पहिल्या मासळीचा भाव ठरवताना तिचा शब्द लागतो. काही बायका होडीच्या मालकिणीही असतात. पुष्कळ जणी होडीवाल्यांना पेट्रोलला, जाळ्याला आधी पैसे देतात आणि मग त्या होडीची मासळी त्यांच्याकडेच येते. हे पैसे येतात कुठून? एक वाट आपल्याच भिशीसारखी आहे, तिला तिथे सुसू म्हणतात. रोज थोडे थोडे पैसे एकीकडे किंवा गोळा करणाऱ्याकडे ठेवायचे, महिन्याला एकरकमी घ्यायचे. भट्टीचे ट्रे अशा एकरकमी पैशातून वाढवता येतात, एका हंगामाला दोन-दोन.

म्हणून कर्जाबद्दल आम्ही गटांना एकच सांगतो. खालची माती कर्जातून करू नका, ती हातांनी करा. कर्ज घ्यायचंच तर ट्रेंसाठी घ्या, आणि तेही पहिल्या चार ट्रेंवर दोन महिने माल विकून बघितल्यावर.

आता धुराची दुसरी बाजू. चोरकोरने बोटं वाचवली, पण धूर पूर्ण वाचवला नाही. विस्तव थेट मासळीच्या खाली असतो. तेलकट मासळीची चरबी विस्तवावर ठिबकते, भडकते, आणि तिच्या धुरातून काही घातक द्रव्यं तयार होऊन वरच्या मासळीवर बसतात. शास्त्रज्ञ त्यांना पीएएच म्हणतात. त्यांतलं बेंझोपायरीन कर्करोगाला कारण ठरतं. युरोपीय संघाने धुरी दिलेल्या मासळीत आणि मांसात बेंझोपायरीन किती चालेल याची मर्यादा घातली आहे. ती आधी किलोला ५ मायक्रोग्रॅम होती, १ सप्टेंबर २०१४ पासून २ वर आणली. पश्चिम आफ्रिकेतून युरोपात धुरी-मासळी पाठवणाऱ्यांचे धाबे दणाणले. साध्या चोरकोर भट्टीतून निघालेला माल या मर्यादेत बसणं कठीण होतं.

सेनेगल देशात थियारॉय गावच्या मत्स्य-प्रशिक्षण केंद्राने अन्न व शेती संघटनेबरोबर काम करून त्याआधीच, २००८ च्या सुमारास, भट्टीत सुधारणा केली होती. आम्हाला तिचं कौतुक यासाठी की त्यांनीही जुनी भट्टी मोडली नाही. चोरकोरच्याच खणात निखाऱ्याची वेगळी शेगडी ठेवली, म्हणजे उघड्या ज्वाळा नकोत. मासळी आणि निखारे यांच्यामध्ये चरबी झेलायला पत्र्याची परात बसवली. मासळी आधी निखाऱ्यावर शिजवून सुकवायची आणि चव-रंगापुरता धूर शेवटी, वेगळ्या जागेतून सोडायचा. घानातही अलीकडे अशाच चरबी झेलणाऱ्या परातीची भट्टी आली, तिला आहोतोर म्हणतात. आकान भाषेत त्याचा अर्थ आराम. दोन्ही भट्ट्यांत बाईच्या तोंडावर येणारा धूर कमी. पण पत्रा आला, शेगडी आली, तशी किंमतही वाढली. म्हणून आजही किनाऱ्यावर जुनी चोरकोर आणि नवी भट्टी शेजारी शेजारी पेटलेल्या असतात.

या इतिहासात सगळ्यात दुखरी गोष्ट भट्टीची नाहीच, मासळीची आहे. १९९० च्या दशकात मिळायची त्या मानाने घानाची तारली आज फार कमी उरली आहे. दहा ट्रे असलेल्या बाईकडे तीन ट्रेंची मासळी येते. २०१९ मध्ये घानाने पहिल्यांदा होड्यांसाठी मासेमारी बंदी लावली, १५ मे ते १५ जून. आपल्याला या बंदीची सवय आहे, त्यांना ती नवीन होती, आणि त्या महिन्यात भट्टी चालवून पोट भरणाऱ्या बायकांनी खायचं काय, हा प्रश्न तिथेही उभा राहिला. भट्टी कितीही चांगली असली तरी तिच्यात घालायला माल वर्षातले किती महिने येणार, हे पाहिल्याशिवाय ती घेऊ नये, हे आम्ही तिथूनच शिकलो. आपल्याकडे खाडीची मासळी आणि परसातली कोंबडी असे दोन माल आलटून पालटून घातले तर भट्टी रिकामी राहणार नाही, असं आमचं मत आहे.

मात्र कोंबडी आणि मासळी यांत फरक आहे. कोंबडीचं मांस जाड असतं, धुराने बाहेरून तपकिरी दिसलं म्हणजे आत शिजलं असं होत नाही. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता, आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोचायला हवं. त्यासाठी सुई असलेला थर्मामीटर मिळतो, तो पहिल्या खर्चातच धरा. आणि धुरी दिलेली कोंबडी टिकाऊ समजू नका. ती त्याच दिवशी विकायची किंवा फ्रिजमध्ये ठेवायची. विक्री करणार असाल तर अन्न नोंदणी आधी करून घ्या.

पिंपाचीच भट्टी करायची ठरली तर पिंपात आधी काय होतं ते विचारा. रंगाचं, औषधाचं, रसायनाचं पिंप घेऊ नका. खाद्यतेलाचं घ्या आणि मासळी घालायच्या आधी ते आतून चांगलं जाळून काढा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी आचेजवळ नको, जस्त तापलं की त्याचा धूर अपायकारक असतो. ट्रेच्या जाळीलाही हेच लागू, दुकानदाराला विचारूनच घ्या. सरपणात रंगवलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे, प्लॅस्टिक काहीही नको. बाभूळ, जांभूळ, नारळाची सोडणं चालतात. लक्षद्वीपला मासमिन करायला सोडणंच वापरतात आणि ती आपल्याकडे वाड्यांत पडून असतात.

पहिली भट्टी म्हणून आमची शिफारस एका खणाची, मातीची किंवा जुन्या विटांची, चोरकोरच्या मापाच्या अर्धी. वर चार ट्रे, आणि पहिल्या ट्रेखाली चरबी झेलायला एक परात. ती घराच्या आत नको, गोठ्याला लागून नको. वारा ज्या बाजूने येतो त्याच्याकडे तोंड करू नका, नाहीतर सगळी राख मासळीवर उडते. वर साधं शाकारलेलं छप्पर पुरे, पण आचेपासून चांगलं उंच ठेवा. मातीची भिंत बांधल्यावर तिला घाई करू नका. दोन आठवडे सावलीत वाळू द्या. मग पहिल्यांदा मासळी न घालताच, अगदी मंद विस्तवावर तापवा, आणि दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. असं केलं की भिंतीला तडे जात नाहीत, गेले तरी बारीक जातात आणि शेणमातीने बुजवता येतात.

मापांचा कागद आम्ही मोठ्या अक्षरांत काढून ठेवला आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत मागून घ्यावा, आणि येताना आपल्या गावच्या सुतारालाही सोबत आणावं.